पाणी मी भरते, भाकऱ्या ती करते

ताई, नमस्कार.

मी चिंचवडची. बी.एस्सी. झाल्यावर एक वर्षासाठी मेळघाटात, धारणी तालुक्यात एका संस्थेत स्वयंसेवक म्हणून आले आहे. एप्रिलमध्ये आले, पाच महिने झाले. अंगणवाडीत मुलांची वजनं घ्यायची, नोंदी तपासायच्या, घरोघरी जाऊन आयांशी बोलायचं, असं काम आहे आणि ते मला मनापासून आवडतं. तक्रार आहे ती घराची. लिहितानाही लाज वाटते, इतकी ती फालतू आहे.

संस्थेने दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पडवी असं घर भाड्याने घेतलंय. आम्ही चौघी इथे राहतो. तिघे मुलगे मागच्या गल्लीत राहतात, पण जेवायला दोन्ही वेळा आमच्याकडे. नळाला एक दिवसाआड पाणी येतं, पहाटे पावणेसहाला, जेमतेम पाऊण तास. पाच महिन्यांत पाणी मी सोडून कुणी भरलेलं नाही. बाकीच्या झोपलेल्या असतात आणि मुलगे तर त्यांच्या घरी. रात्री सात ताटं आणि पातेली मोरीत तशीच पडतात. मी चिडून दोनदा बोलले. आमच्यातले एक सीनियर दादा आहेत, तिसरं वर्ष त्यांचं. ते म्हणाले, "आपण इथे सेवेला आलोय. बाहेर मुलं कुपोषित आहेत आणि तू भांड्यांवरून भांडतेस?" मला तोंड वर करायला जागा राहिली नाही.

मानधन नऊ हजार. दोन हजार काँट्री देतो, ती विसाव्या तारखेलाच संपते, कारण सतत कुणी ना कुणी पाहुणे येतात. कुकरची रिंग सैल झालीय, शिट्टी होत नाही, गॅस जळतो. तीन आठवडे झाले, कुणी आणत नाही. आमच्यातली एक इथल्याच गावची आहे, कोरकू आदिवासी. फार गोड मुलगी, कधीच तक्रार करत नाही. भाकऱ्या तीच करते, तिच्यासारख्या आम्हाला जमतच नाहीत. कधीकधी ती घरून सुकी मासळी आणते. त्याचा वास एकीला सहन होत नाही, म्हणून ती मागच्या दारी चुलीवर करायची असं ठरलंय. तेवढं सोडलं तर तिचा काही प्रश्न नाही.

आईला फोनवर सगळं छान आहे म्हणून सांगते. एक कोपरा माझा नाही. कपडे वाळत नाहीत. अजून सात महिने आहेत. सोडून जाऊ का? की मीच कोत्या मनाची आहे?

तुमची,
पाणी भरणारी

*

प्रिय पाणी भरणारी,

चार पानी पत्रात काम तीन ओळींत आटोपलं आणि उरलेल्या सगळ्या पानांवर नळ, मोरी आणि कुकर. जागेअभावी इथे ते कापून छापलंय, त्याबद्दल राग मानू नकोस. पण हे प्रमाण मला अगदी ओळखीचं वाटलं. मीसुद्धा अशा घरात राहिले आहे. घर कसलं, पत्र्याची शेड. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, आदल्या दिवशीच गणपती बोळवले होते. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी उमरगा तालुक्यातल्या एका गावाबाहेर मुक्कामाला पोचले. वय बावीस. आम्ही आठ जण, दोन रॉकेलचे स्टोव्ह, एक पिंप. समोर अख्खं गाव दगडमातीचा ढीग होऊन पडलेलं, आणि त्या शेडमध्ये आमचं सगळ्यात मोठं भांडण कशावरून झालं असेल? स्टोव्हच्या पिनेवरून. पिन हरवली, बर्नर तुंबला, चहा नाही. कुणी हरवली यावरून चार दिवस दोन मुलं एकमेकांशी बोलत नव्हती. दिवसभर दोघं एकाच घमेल्याला हात लावून दगड उचलायची, पण संध्याकाळी अबोला.

तेव्हा तू कोत्या मनाची वगैरे काही नाहीस. दिवसभर जे पाहायचं ते पाहून माणूस घरी येतो आणि मोरीत सात खरकटी ताटं दिसली की तिथे फुटतो. अंगणवाडीत तर फुटता येत नाही ना.

आता तुझ्या दादांचं. "सेवेला आलोय आणि भांड्यांवरून भांडतेस" हे वाक्य मी गेली तीस वर्षं वेगवेगळ्या तोंडून ऐकते आहे, आणि दर वेळी ते ज्याच्या हाताला भांड्याची राख लागलेली नसते त्याच्याच तोंडून येतं. (राख मी सवयीने म्हटलं, तुमच्याकडे साबणाची वडी असेल.) त्यांना सेवेवरूनच बोलायचं असेल तर आपल्याकडचाच एक दाखला सांग. कोकणातले गांधीवादी कार्यकर्ते आप्पासाहेब पटवर्धन १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात होते. संडास सफाईचं काम मला द्या, असा त्यांनी हट्ट धरला. वरच्या जातीच्या कैद्याला ते काम द्यायला सरकार तयार नव्हतं, तर त्यापायी त्यांनी अन्न तोडलं. येरवड्याला असलेल्या गांधीजींनी त्यांच्यासाठी उपोषण केलं. घाण काढायला मिळावी म्हणून दोन माणसं उपाशी राहिली होती. तुमच्या दादांना उपाशी राहायचं कारण नाही, पोटभर जेवून झाल्यावर फक्त पातेलं घासायचंय.

पण हे सांगून वाद जिंकशील, भांडी घासली जाणार नाहीत. माझं ऐकशील तर दादांशी चर्चाच करू नकोस. चर्चेत ते तुला हरवणार, तीन वर्षांचा सराव आहे त्यांना. जेवण झालं की सगळ्यांसमोर साध्या आवाजात म्हण, "दादा, आज पातेली तुमच्याकडे." मग आतल्या खोलीत निघून जा. दारात उभी राहू नकोस, घासतात का ते बघू नकोस. नाही घासली तर सकाळी पातेली तशीच असतील आणि चहा उशिरा होईल. होऊ दे. ती हात न लावता पुढे जायची हिंमत तुला होणार नाही, हे मी आत्ताच सांगते. मला अजून होत नाही. तरी एकदा करून बघ.

पाण्याचं मात्र वेगळं आहे. तुझं पत्र वाचताना मी कागदावर आकृती काढली. पाणी एक दिवसाआड, पहाटे पाऊण तास. तुम्ही काय करता? एक जण उठून हंडे, बादल्या, पिंप एकामागून एक नळाखाली लावतो. म्हणजे पाऊण तास एका माणसाने तिथे जागं उभं राहायचं. पुण्यातल्या सोसायटीत वाढलेल्या मुलीला हे पहिल्यांदा साहस वाटतं आणि दुसऱ्या महिन्यात शिक्षा. अगं, हे भांडण स्वभावाचं नाही, प्लंबिंगचं आहे. पाचशे लिटरची टाकी जमिनीलगतच्या ओट्यावर ठेवायची, कारण अशा नळाला वर चढायला जोर नसतो. नळापासून टाकीपर्यंत पाइप आणि टाकीत बॉलकॉक. नळ उघडा ठेवून झोपा, पाणी आपलं आपण भरेल आणि भरलं की बंद होईल. याचा खर्च घराने करायचा नाही, संस्थेने करायचा. तुमच्या समन्वयकांना पत्र लिही. तोंडी सांगू नकोस, लिही, आणि खाली सातही जणांच्या सह्या घे. सह्या मागायला जाशील तेव्हाच अर्ध्या लोकांना पहिल्यांदा कळेल की पाणी कुणी तरी भरत होतं. तुझ्या घरातल्यांबद्दल मला फार वाईट वाटत नाही. पहाटे पावणेसहाला झोपलेल्या माणसाला उठल्यावर भरलेलं पिंप दिसतं. पिंप भरलेलंच असतं, असंच त्याला वाटणार.

एक पुस्ती. साठवलेल्या पाण्यात डासाच्या अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून, घासून, पालथी घालायची. तुम्ही गावात जाऊन 'कोरडा दिवस पाळा' हेच सांगत असाल. आपल्या पिंपाचा तळ शेवटचा कधी पाहिला होतास?

आता ज्यासाठी मी हे पत्र निवडलं तिथे येते. तुझ्या पत्रात मला टोचलेलं वाक्य पाण्याचं नाही, दादांचंही नाही. "भाकऱ्या तीच करते, तिच्यासारख्या आम्हाला जमतच नाहीत." आणि त्यापुढचं, "तेवढं सोडलं तर तिचा काही प्रश्न नाही."

मी हिशेब केला. सात माणसं, प्रत्येकी दोन भाकऱ्या म्हटल्या तरी एका वेळेला चौदा, दोन वेळच्या अठ्ठावीस. पीठ मळून, थापून, पाणी फिरवून, भाजून एक भाकरी हातावेगळी व्हायला दोन मिनिटं धर. रोज तासभर ती तव्यासमोर बसते. रोज. एक दिवसाआडही नाही. तुझ्या पाण्याच्या पाऊण तासावर तू दीड पान लिहिलंस आणि तिच्या तासाला एक ओळ दिलीस, तीही कौतुकाची. कौतुक करून काम गळ्यात मारणं ही आपल्या घरांची जुनी खोड आहे. "सुनबाईंच्या हाताला चव आहे" म्हणत म्हणत पिढ्यान् पिढ्या पुरुष पाटावर बसून राहिले. तुला दादांचं जे दिसलं, ते तिला तुझं दिसत असेल.

ती तक्रार करत नाही म्हणतेस. करील कुठल्या भाषेत? घरात तुम्ही सगळे मराठी बोलता. तिची भाषा कोरकू. ती मराठीच्या कुळातली नाही, शेजारच्या गोंडीच्याही नाही. तिची नाती तिकडे झारखंडकडच्या संथाली, मुंडारीशी. मराठी ती शाळेत शिकली, हिंदी धारणीच्या बाजारात. भांडायला माणसाला आपली भाषा लागते, तू चिडलीस की बघ, कशी थेट आईच्या सुरात बोलतेस. आणि पाच महिन्यांत तू किती कोरकू शिकलीस? घरोघरी जाऊन आयांशी बोलायचं तुझं काम आहे. ते शिकवणारी मास्तरीण तुझ्याच घरात राहते आणि तू तिला तव्यापाशी बसवून ठेवली आहेस.

मासळीचं तर बोलायलाच नको, पण बोलते. तुम्ही दिवसा आयांना सांगता, लेकरांना अंडी द्या, मासे द्या, प्रथिनं पोटात जाऊ देत. सरकारही अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांतून मुलांना अंडी देतं. आणि संध्याकाळी तुमच्याच घरात मासळी मागच्या दारी. पावसात, ओल्या लाकडावर, एकटीने. हे "ठरलंय" कुणी ठरवलं? ती त्या ठरवण्यात होती का, की तिला नंतर सांगितलं? सुकटीला वास येतो, मान्य आहे. माझ्या नवऱ्यालाही आवडत नाही, तो गच्चीत जाऊन बसतो. ज्याला वास सोसत नाही त्याने उठून बाहेर जायचं, पानावर बसलेल्याने नाही. भाड्याच्या घरात मालक "इथे हे शिजवायचं नाही" म्हणतात तेव्हा आपल्याला त्यातली जात लगेच वास येऊन कळते. आपणच तो मालक झालो की कळत नाही.

रागावले म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. मी तुझ्यावर कमी आणि बावीस वर्षांच्या माझ्यावर जास्त रागावले आहे. आमच्या त्या शेडमध्येही गावातली एक मुलगी यायची. सतराअठरा वर्षांची असेल. तिचं घर पडलं होतं, घरातली दोन माणसं गेली होती. ती यायची आणि आमच्या भाकऱ्या करायची. तिला कुणी कामाला ठेवलं नव्हतं, ती येऊन बसली आणि आम्ही बसू दिलं. तिला बरं वाटतं, मन रमतं, असं आम्ही एकमेकांना सांगायचो. रात्री जेवणं झाली की आम्ही आठ जण कंदिलाभोवती गाणी म्हणायचो आणि ती तिकडे परात धूत असायची. दोन महिन्यांत मी तिला एकदाही तव्यावरून उठवलं नाही. निघायच्या दिवशी तिने बांधून दिलेल्या भाकऱ्या मी एस.टी.त सोलापूरपर्यंत खात आले. तिच्या हाताला भाजल्याचे डाग होते ते मला भाकरी मोडताना आठवले, म्हणजे पाहिले होते मी ते. बोलले नव्हते.

म्हणून तुझ्या घरात काय करायचं ते सांगते. सगळ्यांनी मिळून सगळं करू, ही भाषा आधी बंद करा. ज्या कामाला एकाचं नाव नसतं ते शेवटी घरातल्या सगळ्यात गरीब गाईकडे जातं. आठवड्याला एक अख्खं काम एकाच्या नावावर करा. अख्खं म्हणजे अख्खं. भाजी ज्याच्याकडे त्याने आणायची, निवडायची, चिरायची, करायची आणि ओटा पुसायचा. "मी आणली, आता कुणीतरी करा" चालणार नाही. सात माणसं आहात, कामं मोजून सातच होतात: पाणी, भाजी, भाकरी, भांडी सकाळची, भांडी रात्रीची, झाडलोट आणि संडास, किराणा आणि हिशेब. दर सोमवारी नाव एक घर खाली सरकवायचं. मुलगे राहायला दुसरीकडे असले तरी जेवायला इथे आहेत, त्यांची नावं यादीत हवीतच. संडास वापरत नाहीत म्हणतील. भाकरी वापरतात ना?

आणि भाकरीचा आठवडा मुलांवर येईल तेव्हा तुझी खरी परीक्षा आहे. पहिल्या दिवशी महाराष्ट्राचा नकाशा येईल, विदर्भ जळलेला आणि कोकण कच्चं. गावची मैत्रीण उठून "राहू दे, मी करते" म्हणेल, कारण तिला बघवणार नाही. तिला उठू देऊ नका. तुझ्याही हातात उलथनं येता कामा नये. तिने हवं तर लांब बसून सांगावं, पीठ अजून मळ, पाणी गरम घे. करपलेलं पंधरा दिवस खायची तयारी ठेवा. नाहीच जमलं तर त्या आठवड्यात खिचडी होईल, खिचडीने कुणी मेलेलं नाही. एकाला नक्की जमेल आणि मग तो गावभर सांगत फिरेल, तेही सोसावं लागेल.

रविवारी चहानंतर वीस मिनिटं बसा. रात्री नको, रात्री प्रत्येक जण दमलेला आणि शहीद असतो. त्या बैठकीत गेल्या सात दिवसांतल्याच गोष्टी काढायच्या. एप्रिलमधलं एप्रिलमध्ये गेलं. स्वभावावर बोलायचं नाही, वस्तूवर बोलायचं. "तू निष्काळजी आहेस" नाही, "मंगळवारी झाकण उघडं राहिलं आणि दुधात मुंगळे गेले" हो. आणि कृपा करून हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर नेऊ नका. "काही लोकांना" अशी सुरुवात असलेला मेसेज वाचून आजवर एकही ताट घासलं गेलेलं नाही.

पैशांचं पटकन. पाहुणे संस्थेचे, तर त्यांचा चहा-पोहे संस्थेच्या खात्यावर. एक वेगळी वही करा, पाहुणा आला की तारीख, माणसं, काय खाल्लं. महिनाअखेरीला ती वही समन्वयकांपुढे ठेवायची. पहिल्यांदा कसंनुसं वाटेल, "एवढं काय मोजायचं" म्हणतील. मोजा. मित्रमंडळी "मेळघाट बघायला" येतात ती ज्याची त्याची, त्यांची काँट्री त्यानेच भरायची. आणि तुझी कोरकू मैत्रीण तेच नऊ हजार घेते का, हे एकदा विचारून घे. घेत असेल तर त्यातले किती घरी जातात हेही. दोन हजार सगळ्यांना सारखेच जड नसतात. गॅसचं म्हणशील तर तुमच्या नावावर कनेक्शन नसणार, म्हणून तुम्ही बाजारभावाने कुणाकडून तरी सिलिंडर घेत असाल. पत्त्याच्या पुराव्याशिवाय, नुसतं ओळखपत्र दाखवून पाच किलोचा छोटा सिलिंडर रीतसर मिळतो. एक तोही भरून कोपऱ्यात ठेवा, म्हणजे मोठा संपला त्या रात्री उपाशी झोपायला नको.

कोपऱ्याबद्दल. तुझं हे वाक्य पत्राच्या शेवटी, घाईत आलंय, पण मला वाटतं उरलेल्या सगळ्याच्या तळाशी तेच आहे. पाच महिने तू एक क्षण एकटी नाहीस. मोठ्या कुटुंबात वाढलेल्यांना हे जमतं, तुझ्यासारखीला स्वतःची खोली असलेल्या घरातून येऊन कठीणच. खोली मिळणार नाही. पण मच्छरदाणी आहे ना? ती खोली समजायची. घरात नियम करा: जो मच्छरदाणीत आहे तो घरात नाही. त्याला हाक मारायची नाही, चहा घेतेस का विचारायचं नाही, चार्जर कुठेय विचारायचं नाही. दुपारी चार वाजता लावली तरी तोच नियम. आमच्या शेडमध्ये तोंडावर ओढणी घेतली की तसं असायचं. एका मुलाकडे ओढणी नव्हती, तो पंचा घ्यायचा.

आईला सगळं छान आहे सांगतेस. ती ओळखून आहे. तिला एक दिवस फक्त भांड्यांचं सांग, कुपोषणाचं सांगू नकोस, त्याने ती घाबरेल. भांड्यांवर तिच्याकडे तुझ्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा जास्त अनुभव आहे, आणि तासभर बोलेल ती आनंदाने.

सोडून जाऊ का, विचारतेस. कुणी अंगाशी येत असेल, भीती वाटत असेल, आजारी पडून बरी होत नसशील, तर आजच्या आज नीघ. परतवाड्याची गाडी पकड, कुणाची परवानगी मागू नकोस. तसं काही पत्रात दिसलं नाही. तसं नसेल तर भाद्रपदात निर्णय घेऊ नको. मेळघाटात पावसाळ्यात चार दिवस ऊन दिसत नाही, वीज जाते, कपडे ओले, अंथरूण दमट. अशा अंथरुणात झोपून घेतलेला निर्णय दमटच असतो. दिवाळीला घरी जा, आठ दिवस कोरड्या गादीवर झोप, आईच्या हातचं खा. परत जायच्या दिवशी सकाळी बॅग भरताना काय वाटतं ते बघ. नाही जायचं वाटलं तर नको जाऊस, पाच-सहा महिने दिलेस तेही कमी नाहीत, आणि त्यावर कुणी भाषण दिलं तर मला कळव. गेलीस तर मार्च-एप्रिलात मोहाची फुलं पडतील तेव्हा पहाटे उठायला तुला नळाची गरज लागणार नाही. अख्खं गाव टोपल्या घेऊन झाडाखाली असतं. मैत्रिणीला म्हण, मला तुझ्या घरच्या झाडाखाली ने. पण तोवर तिच्यासोबत तव्यापाशी बसलेली अस.

आजच, हे वाचून झाल्यावर, एकच कर. संध्याकाळी ती परात घेईल तेव्हा शेजारी जाऊन बस आणि म्हण, "आज मी. तू सांग." माफी वगैरे मागू नकोस, ती बिचारी आणखी अवघडेल. तुझी पहिली भाकरी फाटेल. तिने हसायला हवं. ती हसली की विचार, कोरकूत याला काय म्हणतात.

आणि ती कुकरची रिंग. परतवाड्याला किंवा अमरावतीला जो कुणी या आठवड्यात निघेल त्याच्याकडे पैसे आणि जुनी रिंग दोन्ही दे. जुनी पिशवीत घालूनच दे. माप तोंडी सांगितलं की हमखास चुकीची येते.

तुझी,
ताई